माफीनाम्याचा छापील फॉर्म

माझी सगळी नोकरी पुण्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात झाली. नाव लिहीत नाही. शिस्तपालन समितीची फाइल माझ्याच टेबलावर असायची, म्हणून खात्रीनं सांगते: प्राचार्यांचा खरा अधिकार नियमपुस्तकात नाही, ऑफिसच्या खिडकीवर असतो. हॉल तिकीट, बोनाफाईड, दाखला. यातलं एक जरी अडकवलं, तरी चौकशीची गरजच पडत नाही.

माफीनाम्याचे आमच्याकडे छापील फॉर्म होते. ‘माझ्याकडून झालेल्या गैरवर्तनाबद्दल...’ खाली मुलाची सही, पालकांची सही. गैरवर्तन कोणतं, ते लिहायला जागाच नाही! एका वर्षी एस.वाय.चा एक मुलगा सही करेना. गॅदरिंगच्या तालमीवरून त्याचं वॉचमनशी वाजलं होतं. वेळ संपली तरी हॉल सोडत नव्हता, असा वॉचमनचा रिपोर्ट. परवानगी आठपर्यंत होती आणि दिवे साडेसातलाच घालवले, असं याचं म्हणणं. फुलस्केपच्या दोन्ही बाजू भरून लिहून आणलं, सोबत परवानगीपत्राची झेरॉक्स. साहेबांनी कागद उलटूनही पाहिला नाही. "हे नको, फॉर्म भर." हॉल तिकीट माझ्या ड्रॉवरमध्ये. वडील रिक्षा चालवायचे. धंदा बुडवून खेटे घालत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, कुठं करायची सही? पोराचं वर्ष जायला नको." झेरॉक्स मी पंच करून फाइलला लावली. ती कोणी मागितली नाही.

१९०५ साली विदेशी कपड्यांच्या होळीवरून फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला, वसतिगृहातूनही काढलं. ‘केसरी’नं त्यावर झोड उठवली. शिक्षा मलाही पटत नाही, पण कोणी केली, कशाबद्दल, किती, सगळं उघड होतं. म्हणून तर भांडता आलं. आमच्या फॉर्मवर कोणी काय अग्रलेख लिहिणार?

शिस्त नको, असं नाही हो. रॅगिंगची तक्रार आली, तर राज्याच्या १९९९ च्या कायद्यानं संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते. तथ्य दिसलं तर निलंबन आणि प्रकरण पोलिसांकडे. तिथं मात्र साहेबलोकांचा सूर "आपसात मिटवा" असा. आणि २०२५ मध्ये पुण्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलीला सोशल मीडियावरच्या पोस्टवरून, बाजू न ऐकताच काढून टाकलं. मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश थांबवला, तेव्हा तिला परीक्षेची वाट मोकळी झाली.

तेव्हा पोरांनो, तोंडी तंबी मिळाली तर लेखी मागा. आपलं म्हणणं दोन प्रतींत द्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. क्लार्क कुरकुरेल, कुरकुरू दे. दाद लागली नाही, तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. अहवालाला कामकाजाचे पंधरा दिवस. तिच्याही वर विद्यापीठाचा लोकपाल.