एअर फिल्टरच्या झाकणावरचं माझं अक्षर

मॅडमनी फोनवर एकच प्रश्न विचारला होता. "दादा, रस्त्यात बंद पडणार नाही ना, तेवढं बघा."

मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. शाळा त्र्यंबकच्या पुढे, आडबाजूला. त्या भागातला पाऊस ज्याने बघितलाय त्याला स्कूटीवर पाच पावसाळे काढणं काय असतं ते सांगायला नको. जुनी चारचाकी घ्यायची होती, बजेट पावणेदोन लाख. गाडी बघून ठेवलेली: वॅगनार, २०११ ची, पांढरी, एमएच-१५, मीटरवर ६१ हजार. कार बाजार द्वारकेच्या पुढे हायवेला. गोष्ट गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली.

माझं सातपूरला गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. जुनी गाडी घेण्याआधी तपासून द्यायचे मी पाचशे रुपये घेतो. कटकटीचं काम. गाडी नापास केली तर गिऱ्हाईक म्हणतं, मिस्तरीला आणखी एक पाचशेची फेरी हवीय. पास केली तर म्हणतं, कार बाजारवाल्या शेठकडून कमिशन घेतलं असणार. हल्ली तिसरी जात निघाली आहे, मोबाईलवर व्हिडिओ बघून आलेल्यांची. मॅडमच्या सोबत आलेला धाकटा दीर त्यातलाच. हातात रंगाची जाडी मोजायचं यंत्र, ऑनलाइन मागवलेलं. मी पोचायच्या आत त्याने अर्धी गाडी मोजून डाव्या मागच्या दारावर बोट ठेवलं होतं. "तीनशे ऐंशी मायक्रॉन! अॅक्सिडेंटची गाडी आहे." कंपनीचा रंग साधारण शंभर-दीडशेत असतो, तेव्हा त्या दारावर रंग आणि थोडी पुटी चढली होती हे खरंच. पण नाशिकच्या गल्लीत चौदा वर्षं उभी राहिलेल्या गाडीचं दार कुणी घासलं नसेल तर मीच जास्त संशय घेईन.

ठोकलेली गाडी दारावर नाही, दाराच्या आत कळते. दाराचं रबर बीडिंग हाताने खाली ओढायचं आणि पिलरच्या कडेला कंपनीने मारलेले वेल्डिंगचे स्पॉट बघायचे. गोल, एकसारखे, ठरावीक अंतरावर. डेंटरच्या हातून कधीच तसे येत नाहीत. मग बॉनेट उघडून दोन्ही अॅप्रन, म्हणजे इंजिनाच्या दोन बाजूंचे आतले पत्रे, आणि फेंडरचे बोल्ट. बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालेला असेल तर तिथे पाना लागलाय. या गाडीचे चारही पिलर जसेच्या तसे होते. बोल्टना हात लागलेला नव्हता. सगळ्या काचांवर एकच मार्क. मागच्या सीटखाली, स्टेपनीच्या खळग्यात गंज नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला. ही सवय मला २०१९ च्या ऑगस्टपासून लागली. गोदावरीच्या त्या पुरात घाटावरची दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती बुडाली होती, आणि नंतर दोन वर्षं पुरात उभ्या राहिलेल्या गाड्या अत्तर मारून बाजारात येत होत्या. सीट धुता येते, कार्पेट बदलता येतं, पण बेल्टचा गुंडाळीत राहणारा शेवटचा हातभर भाग कुणी धूत नाही. चिखलाची रेघ तिथे सापडते. हा बेल्ट टोकापर्यंत स्वच्छ निघाला.

शेठला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं की मी येईपर्यंत स्टार्टर मारायचा नाही. गरम इंजिन सगळी पापं झाकतं. बॉनेटवर तळहात ठेवला, गार. हे शेठने पाळलं होतं, आणि तेवढ्यावरच मला त्याच्याबद्दल दोन मार्क जास्त द्यायला हवे होते. पहिल्या सेल्फला गाडी सुरू. चेनचा खडखडाट सेकंदभरसुद्धा नाही. सायलेन्सरमागे माझ्या गॅरेजच्या पोराला उभं केलं, निळा धूर नाही. ऑइलचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवलं. आतून वारा येत असेल तर झाकण नाचतं. हे नुसतं थरथरत होतं, तेवढं चालतं. झाकणाच्या आत चहाच्या सायीसारखा थर नाही, म्हणजे पाणी ऑइलमध्ये जात नाही. तिन्ही प्लग काढले, तिन्ही विटकरी, म्हणजे पेट्रोल नीट जळतंय. कॉम्प्रेशन लावलं. त्यात मी आकड्यापेक्षा तीन सिलिंडरमधला फरक बघतो. फरक नव्हताच म्हणायला हरकत नाही. वॅगनारचं हे ९९८ सीसीचं इंजिन चेनवर चालतं, बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकायची भानगड नाही. वेळेवर ऑइल मिळालं तर ते मालकाला कंटाळा येईपर्यंत चालतं. आणि याला वेळेवर ऑइल मिळालेलं दिसत होतं.

मग उड्डाणपुलावर घेऊन गेलो. तीसच्या स्पीडला चौथा टाकून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. इंजिन ओरडलं आणि गाडी पळाली नाही तर क्लच प्लेट गेली समजायचं. गाडी कुरकुरली, पण उचलली. स्टिअरिंग सोडलं तर किंचित डावीकडे. पुढचा डावा लिंक रॉड वाजत होता. टायरवरचे चार आकडे १८१९, म्हणजे २०१९ चा अठरावा आठवडा. नक्षी शिल्लक होती, पण रबर कडक झालेलं, टायर बदलायला लागणार. आरसी २०२६ च्या जुलैत पंधरा वर्षांची होणार. मग पेठ रोडला आरटीओत पासिंग, २०२२ पासून वाढलेली पाच हजारांची फी, वर ग्रीन टॅक्स. हे सगळं मिळून पंचवीसेक हजार किमतीतून कमी करून मागा, असं मी मॅडमना सांगायच्या बेतात होतो.

एअर फिल्टर तेवढा बघायचा राहिला होता. झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला पांढऱ्या पेंट मार्करने लिहिलेलं दिसलं: १२/३/१९, ८४,२१०.

अक्षर माझं. गॅरेजवाले काचेला स्टिकर लावतात. ते पहिल्या धुण्यात निघतं, किंवा गाडी विकणारा नखाने काढतो. म्हणून मी पंधरा वर्षांपासून प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि किलोमीटर झाकणाच्या आत लिहितो. तिथे कुणी बघत नाही, पुसत नाही. माझा आठ पाय तुटलेला असतो, तो मी कुठेही ओळखेन. म्हणजे ही गाडी माझ्याच हातची. आठवायला लागलं तसं आठवलं. नाशिकरोडचे काका, प्रेसमधून रिटायर झालेले, ऑइल बदलताना स्टूल घेऊन शेजारी बसायचे. पुढे मुलाकडे पुण्याला गेले.

आणि २०१९ ला ८४ हजार पळालेली गाडी आज ६१ हजार दाखवत होती.

माझं डोकं फिरलं. मीटर पाडायचा धंदा मला नवीन नाही. चार-पाचशे रुपयांत करून देणारी पोरं आहेत. या वयाच्या गाडीत आकडा मीटरच्या पॅनेलमध्येच असतो, माझ्या स्कॅनरला दुसरीकडे कुठे सापडत नाही. मी आत वाकून पॅनेलचे स्क्रू बघितले. डोक्यांवर पेचकस घसरल्याच्या ताज्या वाटाव्यात अशा खुणा. झालं. तेव्हा बाजारात आणखी तीन-चार गिऱ्हाइकं गाड्या बघत होती. मी झाकण हातात घेऊन शेठला सगळ्यांसमोर म्हणालो, "हे वाचा. हे माझं अक्षर आहे. आता तुमचा मीटर वाचा."

शेठ आधी हसला, मग लाल झाला. "मिस्तरी, आईची शपथ, आणली तशी उभी आहे." आईची शपथ या बाजारात रोज दहा वेळा पडते. दिराने झाकणाचा फोटो काढला. मॅडम मात्र गाडीकडेच बघत होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "दादा, पण बंद पडेल का?"

मी म्हणालो, "मॅडम, जो मीटर खोटा सांगतो त्याचं पुढचं काय खरं धरायचं? चला."

त्या चालत्या झाल्या. परत येताना मला कौतुक करून घ्यावंसं वाटत होतं, आणि दिराने ते केलंही.

पंधरा दिवसांनी कानावर आलं की शेठ मला शिव्या घालतोय, सातपूरचा मिस्तरी गाड्या मोडतो म्हणून. मी म्हटलं, वहीच दाखवतो. माझ्याकडे सगळ्या जुन्या वह्या आहेत, ऑइलच्या डागांसकट. २०१९ ची काढली. १२ मार्च, वॅगनार, ८४,२१०. फोटो काढला, गॅरेजवाल्यांच्या ग्रुपवर टाकायला घेतला. मग वाटलं, याच्या पुढच्याही नोंदी जोडाव्यात, म्हणजे शेठला तोंड उघडायला जागा नको. २०२० ची वही जवळपास कोरी, लॉकडाऊन. २०२१ च्या वहीत १४ जूनला तोच नंबर. अक्षर माझ्याकडे तेव्हा कामाला असलेल्या पोराचं: "मीटर बंद. उंदराने वायर खाल्ली. वायर जोडली. पॅनेल भंगारातला टाकला. १२०० रु."

दुसऱ्या लाटेत मी महिनाभर अंथरुणात होतो आणि गॅरेज पोरगा बघत होता. वर्षभर उभ्या गाड्यांमध्ये उंदरांनी काय धुमाकूळ घातला होता ते त्या उन्हाळ्यात प्रत्येक गॅरेजने बघितलं. पोराचं आता ओझरला स्वतःचं गॅरेज आहे. फोन केला.

"हो काका, अंबड लिंक रोडवरून आणला होता पॅनेल. नवा महाग पडत होता. तुम्हाला विचारून टाकला की. तुम्हीच म्हणालात, टाक जुना, म्हातारा माणूस आहे, कशाला खर्चात घालतोस."

मला त्यातला एक शब्दही आठवत नाही. ताप होता, तेही खरं. पण तो पोरगा खोटं बोलणारा नाही.

त्याने ना जुन्या पॅनेलचा आकडा लिहिला, ना भंगारातल्या पॅनेलचा. म्हणजे ती गाडी खरी किती पळालीय ते आता कुणालाच कळणार नाही. आणि पेचकसाच्या ज्या खुणा मी पुरावा म्हणून दाखवल्या त्या माझ्याच पेचकसाच्या.

शेठकडे गेलो. काकांच्या मुलाने विकताना त्याला काही सांगितलं नव्हतं. मुलाला तरी कितपत माहीत असेल कोण जाणे. गाडी एक लाख चाळीसला गेली होती. शेठने चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "हे आज मला एकट्याला सांगताय. त्या दिवशी चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलंत." मी ग्रुपवर लिहितो म्हणालो, आणि लिहिलंही. चार अंगठे आले. शेठ काही संत नाही. त्याच्याच बाजारात मी पूर्वी एका इनोव्हाचं पाडलेलं मीटर पकडलं होतं, त्यामुळे त्या दिवशी मला शंका घ्यायला दुसरं कारण लागलंच नाही. पण ही गाडी त्याने स्वच्छ विकायला ठेवली होती आणि मी ती त्याच्या तोंडावर नासवली.

माझं तपासणीचं काम तर एअर फिल्टरचं झाकण उघडायच्या आधीच झालं होतं. इंजिन, चेसिस, क्लच, सगळ्याचं उत्तर हातात होतं. आकडा ६१ असता काय आणि लाखाच्या पुढे असता काय, तिन्ही प्लग विटकरीच होते. हे मी रोज शिकाऊ पोरांना सांगतो की मीटर शेवटी बघा, आधी लोखंड बघा.

मॅडमनी नंतर ओळखीतली २०१३ ची गाडी घेतली. खरे ४२ हजार, एकच मालक, न तपासता. पावसाळा लागता लागता टोचन करून, ओढत माझ्याकडे आली. क्लच प्लेट जळालेली, वॉटर पंप गळत होता. कमी पळालेली खरी, पण शाळेत सोडायला-आणायला पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये पळालेली, आणि कूलंटऐवजी नळाचं पाणी.

मी मॅडमना पॅनेलचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे ती बंद पडली नसती?"

"बहुतेक नसती," मी म्हणालो.

त्या काही बोलल्या नाहीत. काउंटरवर पर्स उघडून बिलाचे पैसे मोजायला लागल्या. मी मजुरी घेतली नाही, त्यांनीही फार आग्रह केला नाही. गाडी द्यायच्या आधी एअर फिल्टर उघडला. आत उंदराने कागद कातरून घर केलं होतं. ते साफ केलं, नवा फिल्टर टाकला, मार्कर घेतला. झाकणाच्या आत तारीख लिहिली, ४७,०६० लिहिलं, आणि त्याच्यापुढे जागा होती तेवढ्यात बारीक अक्षरात लिहिलं, "मीटरप्रमाणे".