खुडूक

खुडूक कोंबडीच्या वाटेला शहाण्याने जाऊ नये. कालपरवापर्यंत दाण्यांसाठी पायात पायात करणारी गरीब कोंबडी एका सकाळी खुराड्याच्या कोपऱ्यात बसते ती बसतेच. हात पुढे केला की पिसं फुलवून दुप्पट होते, घशातून खर्रर्र आवाज काढते आणि तरीही हात मागे घेतला नाही तर चोच मारते. पोटाखाली अंडी असलीच पाहिजेत असंही नाही. काढून घेतलीत तर नुसत्या गवतावर बसेल. बटाटा ठेवलात तर बटाटा उबवेल. दिवसातून एखाद्या वेळी उठते, घाईघाईने चार दाणे टिपते, पाणी पिते, धरून ठेवलेली भलीमोठी घाण एकदाच अंगणात टाकते (तो वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही) आणि पळत पळत परत जागेवर.

आजीची या बाबतीत दोन धोरणं होती. पिल्लं हवी असली की खुडूक कोंबडीसारखी गुणाची कोंबडी नाही. तिच्यासाठी पाटीत मऊ गवत, त्यावर निवडक अंडी, शेजारी पाण्याची वाटी, आणि आल्यागेल्याला सांगणं, "बघा कशी बसलीय माझी बाय!" पिल्लं नको असली की तीच बाय भवानी व्हायची. मग तिला पोटापर्यंत बादलीत बुडवायचं, नाकपुडीत तिचंच पीस ओवायचं आणि उघड्या फरशीवर डाल्याखाली कोंडायचं. दोन्ही वेळा कोंबडीचा हट्ट मात्र एकच.

हा हट्ट मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतो. तिथल्या काही पेशी पेप्टाइडं बनवतात, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या माळा. त्यातली एक जीएनआरएच, अवघ्या दहा मण्यांची. ती पिट्युटरी ग्रंथीला इशारा देते, पिट्युटरी अंडाशयाला, आणि सकाळी खुराड्यात अंडं सापडतं. १९७१ साली अँड्र्यू शॅली यांच्या गटाने ही माळ डुकरांच्या मेंदूतून शोधली, तेव्हा तिचा नखाएवढा अंश मिळवायला लाखाच्या वर मेंदू लागले होते. १९७७ साली शॅली आणि त्यांचे कट्टर स्पर्धक रॉजर गिलमाँ यांना नोबेल मिळालं, तेही एकत्र. कोंबडीची माळ डुकराच्या माळेहून फक्त आठव्या मण्यात वेगळी आहे.

ही माळ सुटायची ती उजेड बघून, आणि तो उजेड डोळ्यांतूनच यावा लागतो असं नाही. झाक बन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३५च्या सुमारास दाखवून दिलं, की आंधळ्या बदकांनाही दिवस मोठा झाल्याचं कळतं. पक्ष्यांच्या कवटीतून प्रकाश थेट मेंदूत झिरपतो. पोल्ट्रीच्या शेडमध्ये अंधार पडल्यावरही दिवे जळत असतात ते म्हणूनच. थंडीत दिवस लहान झाला की गावरान कोंबडी आखडता हात घेते आणि आपण तिला आळशी म्हणतो.

खुडूकपणाची कळ वेगळ्या पेप्टाइडाकडे. त्याचं नाव व्हीआयपी (व्हॅसोअ‍ॅक्टिव्ह इंटेस्टायनल पेप्टाइड), पण थाट असा काही नाही. १९७० साली डुकराच्या आतड्यात सापडलं म्हणून नावातही आतडंच आहे. अठ्ठावीस मण्यांची ही माळ कोंबडीच्या मेंदूतही बनते. बसायला लागलेल्या कोंबडीच्या पोटाखालची पिसं झडून तिथली कातडी उघडी पडते. हात घालून बघितलं तर ती तापलेली लागते (अर्थात, मनगटाची पर्वा नसेल तर). त्या उघड्या कातडीला अंड्याचा स्पर्श झाला की निरोप मेंदूत पोचतो, व्हीआयपी सुटतं, त्याने पिट्युटरीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं. प्रोलॅक्टिन चढलं की जीएनआरएचची बाजू पडते, अंडाशय आक्रसतं, अंडी थांबतात आणि बसावंसं आणखी वाटतं. बसल्यामुळे प्रोलॅक्टिन, प्रोलॅक्टिनमुळे बसणं. स्पर्श अंड्याचा की बटाट्याचा, याची चौकशी या कारभारात कुणी करत नाही.

म्हणजे आजीची बादली आणि उघडी फरशी अगदी शास्त्रशुद्ध होती. बैठक गेली, पोटाला स्पर्श राहिला नाही, की प्रोलॅक्टिन भराभर उतरतं. अंडाशय पुन्हा उभं राहायला मात्र आणखी काही दिवस जातात. नाकातल्या पिसाचा यात काही वाटा असेल असं मला वाटत नाही. तो निव्वळ छळ.

हे सगळं बाईमाणसाचंच, असं समजून पुरुषवर्गाने निवांत होऊ नये. खिडकीतल्या एसीच्या डब्यामागे घर करणाऱ्या कबुतरांत नर सकाळी उशिरापासून दुपार उलटेपर्यंत बसतो, मादी उरलेला वेळ आणि रात्रभर. अंड्यांवर बसणाऱ्या नराचंही प्रोलॅक्टिन चढतं, आणि पिल्लं आली की गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा लगदा तयार करून तोही त्यांना भरवतो. कबुतरांबद्दल बरं बोलायची मला सवय नाही, पण एवढं कबूल करायला हवं.

अंड्यांच्या धंद्याला मात्र हे बसणं परवडत नाही. बसलेली कोंबडी म्हणजे बंद पडलेलं यंत्र. म्हणून पिढ्यान् पिढ्या न बसणाऱ्याच कोंबड्या निवडत गेले आणि व्हाइट लेगहॉर्नमधून खुडूकपणा जवळजवळ पुसून टाकला. ती घालत राहते, उबवण्याचं काम इन्क्युबेटर करतो. टर्की बसायला फार सोकावलेली. तिच्यावर तर व्हीआयपीविरुद्ध लस टोचून बघितली, आणि लस टोचलेल्या माद्यांनी बसणं कमी करून अंडी जास्त घातली. आजीला ही लस मिळाली असती तर तिने ती घेतली असती, पण निम्म्याच कोंबड्यांना टोचली असती.

गावरान कोंबडी एकवीस दिवस बसते. पिल्लं बाहेर आली की प्रोलॅक्टिन उतरायला लागतं, आणि ती अंगण उकरत, टुकटुक करत त्यांना किडे दाखवत हिंडते. मांजर आलं तर मांजराच्या अंगावर जाते. काही आठवडे हा संसार चालतो. मग पिल्लांना पंख फुटतात, जीएनआरएच पुन्हा डोकं वर काढतं आणि एके दिवशी तीच आई दाण्यावर आलेल्या पोराच्या डोक्यात टोच मारून त्याला हाकलते. थोड्या दिवसांनी अंडं घालून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडते.