पूर आणि खेकडा भजी

गंगापूर धरणातून पाणी सोडलं, नाशकात नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला गोदावरी लागली, की आमच्याकडे कढई चढलीच म्हणून समजा. आज खेकडा भजी. साठवणीच्या कांदाचाळीतला उन्हाळ कांदा उभा, पातळ चिरून मीठ चोळून ठेवला की आपसूक पाणी सोडतो. त्यात मावेल तेवढंच बेसन, मूठभर तांदळाचं पीठ, हातावर चोळलेला ओवा, झणझणीत लाल तिखट आणि वरून चमचाभर कडकडीत तेल. वेगळं पाणी थेंबभरही नाही. सोडा तर नाहीच, भजी तेल पितात (सासूबाईंना हे अजून मान्य नाही). सोबत मीठ भुरभुरलेल्या तळलेल्या मिरच्या. दुसरा घाणा निघेपर्यंत पहिल्याचा फडशा! तळणाऱ्याच्या वाट्याला खालचा कुरकुरीत चुरा. तो मात्र मी कुणाला देत नाही.