तार बोलेपर्यंत

गळा तापवायला म्हणून पहाटे उठायचं आणि पहिली दहा मिनिटं एकही स्वर न लावता घालवायची, हे नवशिक्याला पटत नाही. मोबाइलमधला तानपुरा एका बोटावर सुरू होतो. मग मिरजेचा खरा, भोपळ्याचा तानपुरा पुढ्यात घेऊन खुंट्या पिळत कशाला बसायचं? तर कानाचा रियाज तेवढ्यातच होतो म्हणून.

चार तारांपैकी आधी मधली जोडी षड्जात, म्हणजे ‘सा’त लावायची. पट्टी, म्हणजे ‘सा’ची उंची, ज्याच्या त्याच्या गळ्याची. पुरुषांची बहुधा हार्मोनियमवरच्या काळी एकच्या आसपास, बायकांची काळी चार-पाचच्या. एक तार लागली की दुसरी तिच्याशी मिळवायची. केसाएवढा फरक असला तरी नाद हेलकावे खातो. तारा जवळ येतील तसा हेलकावा मंदावतो, आणि एका क्षणी दोन तारा आहेत हेच विसरायला होतं. मग पितळी तारेचा खर्ज, म्हणजे खालचा ‘सा’, शेवटी पंचम, म्हणजे ‘प’. मालकंस गायचा असेल तर पंचमाऐवजी मध्यम (‘म’), कारण त्या रागात पंचमच नाही.

खुंटीने स्वराच्या जवळ जायचं, तारेत ओवलेल्या मण्याने नेमकं गाठायचं. मणी आधी घोडीलगत, म्हणजे भोपळ्यावरच्या ज्या पट्टीवर तारा टेकतात तिच्यालगत ठेवावा, म्हणजे तो खाली सरकवून स्वर चढवायला जागा उरते. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, कोरड्या हवेत सटकतात. सटकणाऱ्या खुंटीला खडूची पूड लावावी.

खरी गंमत जवारीच्या, म्हणजे तारेच्या झणझणत्या नादाच्या दोऱ्यात. घोडीवर तारेखाली घातलेला हा साधा सुती दोरा हळूहळू सरकवत जायचं. जागा सापडली की तार एकदम बोलायला लागते. अंमळ पुढे गेलात की मुकी. दोरा कितीही फिरवून तार बोलत नसेल तर घोडीला खाचा पडल्यात. घरी कानस घेऊन बसू नये. जवारी काढणं कारागिराचं काम आहे.

मग गळा. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकात एकेक स्वर ‘आ’कारात, श्वास पुरेल तोवर. खर्जाचा षड्ज लागत नसेल तर मंद्र पंचमावर थांबावं. जोर लावून खाली उतरलं की गळा खरखरतो आणि दिवसभर बसतो.

रियाज चुकतो तो मात्र बहुतेकदा आळसाने नाही, तानपुऱ्याच्या गवसणीने, म्हणजे कापडी खोळीने. बंद, नाडी, कोपऱ्यातून बाहेर काढणं… तेवढ्यात चहा होतो. रोज गाणाऱ्याने तानपुरा उघडाच ठेवावा, वर जुनी सुती साडी टाकून.