शंभर सेकंदांत दोन हॉर्न

६ मे २०२२, शुक्रवार. रात्रीचे साडेअकरा.

झोप येत नाहीये. उकाडा आहे, पण उकाड्यानं माझी झोप कधी गेलेली नाही. सकाळचा तो हॉर्न डोक्यातून जात नाही.

दहाच्या सुमाराला कपिलतीर्थ मंडईच्या तोंडाशी होते. बापूंचे रिपोर्ट आणायचे होते (त्यावर आज लिहिणार नाही). दादाचे दोन मिस्ड कॉल येऊन पडले होते. साडेदहाच्या आत ऑफिसात अंगठा लावायचा होता. आणि पुढचा रिक्षावाला मध्येच थांबला. मला वाटलं, नेहमीचंच, कुणीतरी भर रस्त्यात गाडी लावून वांगी निवडत असणार. हॉर्न दिला. कुणी हललं नाही. मग परत दिला, चांगला दाबून.

तेव्हा कुठं दिसलं. रिक्षावाला खाली उतरून ताठ उभा होता. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, त्याही जोडीनं नीट. डाव्या हाताला एक म्हातारी भाजीवाली तराजू धरून तशीच थांबलेली. एका पारड्यात टोमॅटो, दुसऱ्यात अर्ध्या किलोचं वजन. सगळ्या मंडईत तेवढी ती दांडी काय ती हलत होती, अगदी हळू. आणि म्हातारी माझ्याकडं बघत होती.

दोन शिव्या घातल्या असत्या तरी बरं झालं असतं. आमच्या कोल्हापुरात एवढ्याशा हॉर्नला तेवढ्या हक्कानं मिळतात. पण नाही. नुसतं बघणं.

मग सगळं एकदम सुरू झालं. रिक्षावाल्यानं पायांत चपला सरकवल्या आणि गेला. मी मात्र तिथंच. गाडीचं इंजिन सुरूच होतं, बंद करायचंही सुचलं नव्हतं.

माहीत नव्हतं म्हणायचीही सोय नाही. काल रात्री तीन ग्रुपवर मीच टाकलं होतं : राजर्षी शाहू महाराजांचं स्मृती शताब्दी वर्ष, उद्या सकाळी ठीक १० वाजता जिथे असाल तिथे १०० सेकंद स्तब्ध उभे राहा. खाली माझे हात जोडलेले. वैनींनी लगेच अंगठा दिला, वर विचारलं, ‘तू कुठं उभी राहणार?’ मी लिहिलं, ‘जिथं असेन तिथं.’

आता काय करायचं माझं?

दिवसभर स्वतःशीच भांडत होते. मी काय मुद्दाम केलो काय! (माहेरची ‘केलो’, ‘गेलो’ अजून सुटत नाही, रागात तर नाहीच.) बापूंचं कोण बघतंय? दादा फक्त फोन करतो. एका बाईनं घर, दवाखाना, ऑफिस सगळं ओढायचं आणि वर स्तब्धही उभं राहायचं. दुपारी डबा खाताना डोळ्यांत पाणीच आलं. शेजारच्या टेबलावरच्यांना वाटलं ठेच्यामुळे. मीही वाटू दिलं.

त्यात कुठून बुद्धी झाली आणि हिशेब मांडत बसले. महाराज १९२२ साली आजच्याच दिवशी मुंबईत गेले, तेव्हा ४७ वर्षांचे होते. मीही ४७ चीच. सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्यांना ५० टक्के जागा, हा हुकूम २६ जुलै १९०२ चा. तेव्हा ते इंग्लंडात होते आणि नुकतं अठ्ठाविसावं संपलं होतं. माझं अठ्ठाविसावं संपलं तेव्हा मी परीक्षेला तिसऱ्यांदा बसून तिसऱ्यांदा आपटले होते. असले हिशेब करू नयेत. राजाशी तर नाहीच.

पण एक हिशेब टाळता येत नाही, तो घरचा आहे. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्याला महिन्याला एक रुपया दंड. आमचे पणजोबा पक्के चिक्कू. आक्का सांगायची, त्यांना शाळेचं काही कौतुक नव्हतं, गुरं कोण राखणार ही काळजी. पण दर महिन्याला रुपया जाणार म्हटल्यावर रात्रभर तळमळले आणि सकाळी आजोबांना स्वतः शाळेत सोडून आले. आमच्या घराण्यात विद्या आली ती अशी, चिक्कूपणाच्या पाठीवर बसून. पुढं आजोबा कोल्हापुरात बोर्डिंगला राहून शिकले, कारकून झाले, मग बापू मास्तर, मग मी. माझ्या अंगठ्यापर्यंत सगळं त्या रुपयापासून येतं. आणि मला १०० सेकंद निघाले नाहीत. एक मिनिट चाळीस सेकंद. गॅसवर दूध ठेवून मी याहून जास्त वेळ उभी राहते.

आठवण नसते असंही नाही. जुलैत पाऊस लागला की आम्ही सगळे एकमेकांना विचारतो, ‘राधानगरीचे किती दरवाजे उघडले?’ सातातले चार म्हटलं की पंचगंगेकडं नजर. गेल्या वर्षी तर रात्रभर तेच चाललं होतं. धरण महाराजांनी बांधायला घेतलं, पुरं झालेलं त्यांना बघायला मिळालं नाही, हे मला शाळेपासून पाठ आहे. पण दरवाजे मोजताना कुणाच्या मनात महाराज असतात? माझ्या तरी नसतात. वाहून जाईल का, एवढंच.

असो. संध्याकाळी रिपोर्ट घेऊन परत मंडईत गेले. का गेले ते विचारू नये. म्हातारी होती तिथंच. अर्धा किलो टोमॅटो मागितले. तिनं मला ओळखल्यासारखं काही केलं नाही. वजन टाकलं, एक टोमॅटो वर ठेवला, एक काढून घेतला. मला राहवेना.

‘मावशी, सकाळी तुम्ही उभ्या होता ना, तेव्हा हॉर्न मारला ती मी.’

‘आं?’

मी मोठ्यानं परत सांगितलं. शेजारचा लिंबूवालाही वळून बघायला लागला.

‘मला या कानानं ऐकू येत न्हाई बाई. कवाचंच.’

‘पण तुम्ही माझ्याकडं बघत होता.’

‘तुझ्याकडं कशाला बघू? तुझ्या गाडीम्होरं माजा एक टोमॅटो पडला हुता. चाक घालतीस का काय, ते बघत हुतो.’

मी हसले. फार वेळ हसले, जरा जास्तच. तिनं कोथिंबिरीची जुडी पिशवीत कोंबली, फुकट, बहुतेक माझी दया येऊन. मग पाठीमागं बघून म्हणाली, ‘हॉर्न मारलीस व्हय? म्हाराजांच्या टायमाला?’ आणि गालावर हात मारून घेतला. माझ्या नाही, स्वतःच्या.

घरी आल्यावर पिशवी ओट्यावर ठेवली. सासूबाईंनी आत डोकावून बघितलं.

‘टोमॅटो कालच आणलेत की गं दोन किलो.’