पाचवं घर

तासगाव तालुक्यात द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की बायकांना उसंत नसते. फेलफूट म्हणजे नको असलेले फुटवे काढा, घड विरळा, घड औषधात बुडवून डिपिंग करा. वर्षाची खरी मजुरी याच दिवसांत मिळते. पण ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, तिथली बाई उंबरा ओलांडू शकत नाही. म्हणून आमच्या संस्थेनं एका गल्लीतल्या तीन घरांत मिळून अशा माणसांची काळजी घ्यायला एक मावशी नेमली. तिन्ही घरं थोडे थोडे पैसे देत, उरलेला पगार संस्था देई. मी तिथली फिजिओथेरपिस्ट.

दिवाळीनंतर आणखी दोन घरांनी मावशी मागितली. मी लगेच हो म्हटलं. एवढ्या वर्षांनी लोक आपणहून मागतायत, याचा मला फार आनंद झाला होता.

बाराव्या दिवशी फेरीला गेले. पाचव्या घरातले दादा विहिरीवरून पडून मानेच्या मणक्याला मार बसलेले. खांद्याखाली संवेदना नाही, हातात जोर नाही. बायको बागेत. "मावशी येत्यात की ताई, बरं चाललंय," ते म्हणाले.

मावशीला हाताशी घेऊन त्यांना कुशीवर वळवलं. माकडहाडाजवळ डोळ्यांना काही दिसलं नाही. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून मी हाताची मागची बाजू टेकवून बघते. तिथं गरम लागलं, आणि दाबल्यावर आजूबाजूपेक्षा टणक. जखम आतून सुरू होत होती, आणि ज्याची ती होती त्याला पत्ताही नव्हता.

मावशीची वही उघडली. दादांकडून निघाली ९.१०. परत आली १.२०.

अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, हे मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते.

"तीन घरं व्हती तवा दोन तासांत फिरून येत हुते," मावशी म्हणाली. "आता न्हाई हुत. मला वाटलं, तुमी हिशेब केला आसंल."

मी घरं मोजली होती. कुशी मोजल्या नव्हत्या.

संध्याकाळी दादांची बायको आली. हाताला डिपिंगच्या औषधाचा वास. सगळं ऐकून शांतपणे म्हणाली, "उद्यापासनं मी जात न्हाई." त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पाची घरची माणसं एकत्र बसवली. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलाची आई म्हणाली, "अकराला मी जाते दादांकडं. वळवायचं कसं तेवढं दावा." तिला चादरीनं वळवायला शिकवलं. कडेला राहणाऱ्या एका बाईंना अर्ध्या दिवसासाठी दुसरी मावशी म्हणून घेतलं. माकडहाडावर भार येऊ दिला नाही; चार दिवसांत टणकपणा उतरला. पाचव्या दिवशी वहिनी परत बागेत गेल्या.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. दुसऱ्या मावशीचा पगार त्यातून द्यावा, असा अर्ज ग्रामसभेत दिला. किती लाभार्थी, असं विचारल्यावर वहिनीच उठल्या आणि वही वाचून दाखवली: कुणाला किती वाजता वळवायचं, कुणाला किती वाजता भरवायचं.

अर्ज अजून मंजूर व्हायचा आहे. तोवर त्या अर्ध्या पगाराचे पैसे पाच घरं मिळून भरतात. दादांच्या घरचा वाटा वहिनींच्या मजुरीतून येतो.