कुजलेलं की वाळलेलं? शेणखताने घेतलेले माझे पाच गुलाब

नाशकात राहायचं आणि दारात गुलाब नाही, हे आईला कधी पटलंच नाही. मुघलांच्या काळात या गावाचं नावच गुलशनाबाद होतं, हे ती आल्या-गेल्याला सांगते. म्हणून मखमलाबाद रोडला घर झालं तसे अंगणात चौदा गुलाब लावले, आठ ग्लॅडिएटर आणि बाकीचे गावठी. रासायनिक काही टाकायचं नाही, हे तेव्हाच ठरलं होतं.

लावणीत काही अडलं नाही. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून खड्ड्यात भरड वाळू मिसळली आणि कलमाचा डोळा मातीच्या वर ठेवला. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके आले. गळलेली पानं रोज वेचून बाहेर टाकली (खताच्या ढिगात मुळीच नाही), तेवढ्यावर निभावलं.

घोळ झाला तो शेणखतात. ऑक्टोबर छाटणीच्या आधी एका खतवाल्याने दहा गोण्या आणून टाकल्या. "ताई, वर्षाचं कुजलेलं आहे, बिनधास्त टाका." वरून कोरडं, भुरकट दिसत होतं. मी विश्वास ठेवला आणि छाटणीनंतर झाडाला एकेक घमेलं घातलं. आठवड्याभरात तांबूस फुटवे आले, घरात सगळे खूश. मग पानांच्या कडा करपू लागल्या. दिवाळीत तर भर दुपारी शेंडे माना टाकायचे, आणि माती बघावी तर ओली. तहान लागली असेल म्हणून मी आणखी पाणी घातलं. ते चुकलं. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून माती नुसती ओलसर, मोकळी झाल्याशिवाय गुलाबाला पाणी द्यायचं नाही, हे आता पक्कं डोक्यात बसलंय.

एक दिवस एक झाड हलवून पाहिलं तर सरळ हातात आलं. खाली बारीक मुळी एकही नाही. खुरप्याने माती उकरली, तर करंगळीएवढ्या जाड, पांढऱ्या, आकड्यासारख्या वळलेल्या अळ्या. डोकं तपकिरी, मागचा भाग काळपट. हुमणी! एका झाडाखाली चार निघाल्या, सगळ्या वाफ्यात मिळून सतरा. पाच झाडं गेली. खतवाल्याला फोन केला तर म्हणाला, "पाणी जास्त झालं असेल." तो राग अजून गेलेला नाही. पैशाचं सोडा, माझा अख्खा हंगाम गेला.

पिंपळगावचे मामा द्राक्षवाले. ते आले, उरलेल्या गोणीतला एक गोळा मुठीत दाबला, फोडला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "अगं, हे कुजलेलं नाही, वाळलेलं आहे." आत शेणाचा पिवळसर गर तसाच होता. असं खत मातीत ओलं झालं की पुन्हा कुजायला लागतं, तापतं आणि मुळं भाजतात. शिवाय कच्च्या शेणात भुंगे अंडी घालतात, हुमणी तिथूनच येते.

मग उरलेल्या गोण्या आंब्याखाली सावलीत ओतल्या, ओल्या केल्या, गोणपाटाने झाकल्या. दर पंधरा दिवसांनी ढीग खालीवर केला. त्यात लोखंडी सळई खुपसायची, दहा मिनिटांनी काढून हातात धरायची. पहिल्यांदा धरवेना इतकी तापली होती. डिसेंबरात कोमट. मी मामांना दर आठवड्याला फोन करायचे, "आता घालू का?" त्यांचं एकच उत्तर, "सळई गार निघू दे." ढीग निवल्यावर त्यात ट्रायकोडर्मा (मुळकूज रोखणारी उपयोगी बुरशी) आणि मेटारायझियम (हुमणी मारणारी बुरशी) मिसळलं. आधी नाही घालायचं, उष्णतेने ते मरतं.

तोवर उरलेल्या नऊ झाडांना मूठभर निंबोळी पेंड आणि जीवामृत दिलं. वीस लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, गूळ आणि बेसन दोन-दोनशे ग्रॅम, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून रोज दोनदा ढवळायचं. थंडीत भुरी (पानांवरची पांढरी, पिठासारखी बुरशी) आली तेव्हा आंबट ताक पाण्यात पातळ करून दर आठवड्याला फवारलं, माझ्याकडे तरी आटोक्यात राहिली.

हो, छाटणीचं सांगायचं राहिलं. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरका घ्यायचा आणि त्यावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) लावायची. नाहीतर फांदी वरून खाली वाळत येते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सळई गार निघाली. खत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास. मी ओंजळभर घेऊन आईला दाखवायला घरात गेले. मार्चमध्ये नऊच्या नऊ झाडांवर कळ्या होत्या.

पाच जागा अजून रिकाम्या आहेत. तिथली माती उकरून उन्हात तापत ठेवली आहे, जूनमध्ये नवी कलमं लावणार. त्यांच्यासाठी गोठ्यातून स्वतः आणलेलं शेण आंब्याखाली आहे. परवा सळई घातली, अजून कोमट होती.